चुकणारा ठोका आणि निदानाचे मोल

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गॅरेजात घटकाभर उभे राहावे. इंजिनाचा एखादा सिलिंडर मध्येच पेटेनासा झाला, की मिस्त्री म्हणतो, 'गाडी मिसिंग मारतेय.' शब्द इंग्रजीतून आलेला असला तरी त्याला जोडलेले 'मारणे' अस्सल आपले आहे. गाडी काळा धूर मारते, तशीच मिसिंगही मारते. जो ठोका पडलाच नाही तोही गाडीने 'मारला' असे मानणारी ही भाषा आम्हांस फार आवडते. असो.

सतत मिसिंग मारणारी गाडी हे फार अवघड प्रकरण नाही. दोष समोर हजर असतो; एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून पाहावी, जो तोडल्याने इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो मेलेला, इतका हा हिशेब सरळ आहे. छळते ती अधूनमधून मिसिंग मारणारी. ती मालकाला भर रस्त्यात, चढावर, पावसात रडवते आणि मिस्त्र्याच्या दारात मात्र शहाण्या मुलासारखी गुरगुरत उभी राहते. या लेखाचा विषय ती आहे, आणि तिच्या निमित्ताने आमचा एक आग्रह आहे. मिसिंग थांबली एवढ्यावरून ती सापडली असे म्हणता येत नाही. ज्याला ती हुकमी परत आणून दाखवता येते, त्यालाच ती सापडलेली असते. हा आग्रह काहींना अतिरेकी वाटेल. तो तसा का नाही, हे सांगण्यासाठी थोडे इंजिनाच्या पोटात शिरावे लागेल; वाचकांनी हाताला थोडे तेल लागू द्यावे.

आमचे वास्तव्य अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आहे, म्हणून उदाहरणे येथली घेतो. तसे करण्यास आणखीही एक कारण आहे. महाराष्ट्रातल्या पिकअप गाड्या बहुतांशी डिझेलवर चालतात आणि डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथल्या मिसिंगचे कूळ वेगळे. अमेरिकेत मात्र जुनी पिकअप म्हणजे सहसा पेट्रोलचे, सहा किंवा आठ सिलिंडरांचे इंजिन. ती चालवणारा माणूस सुतार असतो, छपरे घालणारा असतो, लोकांच्या बागा राखणारा असतो. गाडी वीस-पंचवीस वर्षांची, दोन लाख मैल धावलेली, विकायला काढली तर जेमतेम काही हजार डॉलर देणारी; पण ती बंद पडली तर त्या आठवड्याची कमाई बंद. म्हणून या गाडीच्या निदानात झालेली चूक ही निव्वळ बौद्धिक चूक राहत नाही. ती कुणाच्या तरी घरभाड्यातून वसूल होते.

आठ सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर मिनिटाला २४०० ठोके झाले, म्हणजे सेकंदाला ४०. यातला एखादा चुकला तर सीटवर बसलेल्यास नुसता एक शहारा जाणवतो. ठोका पडण्यासाठी तीन गोष्टी लागतात: नीट दाबली गेलेली हवा, योग्य प्रमाणातले पेट्रोल आणि वेळेवर पडलेली ठिणगी. तिन्हींपैकी कोणतीही एक क्षणभर कमी पडली तरी परिणाम एकच, तोच शहारा. निदानाची सगळी अडचण यातच आहे. कारणे अनेक आणि लक्षण मात्र एक.

१९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना व हलक्या ट्रकना स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी 'ओबीडी-टू' ही संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. हा संगणक ठोका कसा ओळखतो, ते मोठे गमतीचे आहे. तो ठिणगी पाहत नाही आणि ज्वाळाही पाहत नाही. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दाते सेन्सरसमोरून किती वेळाने जातात, एवढेच तो मोजत असतो. प्रत्येक ठोक्याला शाफ्टला एक ढकल मिळते. ती मिळाली नाही की पुढचा दाता कणभर उशिरा येतो. त्या कणभर उशिरावरून संगणक म्हणतो, अमुक सिलिंडर चुकला. तिसरा चुकला तर पी-०३०३, सातवा चुकला तर पी-०३०७, आणि एकाच्या नावावर दोष टाकता येत नसेल तर पी-०३००. चुका इतक्या वाढल्या की न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागेल आणि तो तापून निकामी होईल, तर समोरचा पिवळा दिवा नुसता लागत नाही, उघडझाप करू लागतो. तशा दिव्याकडे काणाडोळा करून कुणी ओझे ओढू नये.

आता, पी-०३०० हे निदान आहे काय? आमच्या मते ती फक्त तक्रारीची नोंद आहे. रुग्ण म्हणाला 'अंगात कसकस आहे' आणि वैद्याने कागदावर 'कसकस' असे लिहून घेतले, इतकाच तिचा अर्थ. पण अमेरिकेतल्या सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत हा कोड फुकट वाचून देण्याची पद्धत आहे. फुकट वाचून देणाऱ्याचा धंदा भाग विकण्याचा असल्यामुळे वाचनानंतर लगेच यादी येते: प्लग, वायरी, कॉइल, जमल्यास इंजेक्टर. मालक एकेक बदलत जातो. या पद्धतीला येथले मिस्त्रीच आपसांत चेष्टेने 'सुट्या भागांची तोफ' म्हणतात. नेम धरायचा नाही. गोळे संपेपर्यंत डागत राहायचे.

येथे आमच्या जुन्या वैद्यकाची आठवण होते. 'निदान' हा शब्द आज आपण सरसकट वापरतो, पण आयुर्वेदात रोग ओळखण्याची साधने पाच सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतले चौथे साधन आम्हांस आजच्या गॅरेजातही लागू वाटते. रोगाची लक्षणे झाकलेली असतील तर विशिष्ट औषध, आहार वा विहार देऊन पाहावा आणि त्याने बरे वाटते की वाढते यावरून रोग ओळखावा, हा उपशय. म्हणजे भाग बदलून पाहणे ही गोष्ट मुळात अशास्त्रीय नाही. मात्र उपशयात वैद्याच्या मनात आधी दोन पर्याय असतात आणि औषध असे निवडलेले असते की त्याच्या परिणामावरून दोहोंतला एक गळून पडावा. तोफेत हे पर्यायच नसतात. सहा भाग एकाच दुपारी बदलले आणि मिसिंग थांबली, तर कोणत्या भागाने थांबली हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. ती उद्या परत आली तर आपण कालच्या इतकेच अज्ञानी असतो. खिसा तेवढा हलका झालेला असतो.

उदाहरणच घ्यायचे तर जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९९६ पासून काही वर्षे बसवले गेलेले ५.७ लिटरचे व्होर्टेक इंजिन घ्यावे. ते दणकट म्हणून नावाजलेले आहे आणि आजही रस्त्यावर दिसते. त्याची अधूनमधूनची मिसिंग हा अभ्यासण्याजोगा विषय आहे, कारण तिचे किमान चार उगम संभवतात आणि प्रत्येकाचा ऋतू निराळा असतो.

पहिला उगम डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये. या कॅपचा आकार खेकड्यासारखा चपटा आहे. वायरी दोन बाजूंना नेण्यासाठी वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या कॅपच्या पोटातून एकमेकींच्या जवळून जातात. आत ओल साचली, किंवा प्लास्टिकवर कोळशाची केसासारखी बारीक रेघ उमटली, की ठिणगी आपला सिलिंडर सोडून शेजारच्याकडे पळते. डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी हवा खेळण्यासाठी छिद्रे असतात. ती मळाने बुजली की ओल आतच कोंडते. ही मिसिंग दमट सकाळी येते आणि ऊन पडले की जाते.

दुसरा उगम पेट्रोलच्या वाटेवर. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या आत एक मध्यवर्ती इंजेक्टर-संच असून त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या आठ बारीक नळ्या आठ सिलिंडरांकडे जातात. प्रत्येक नळीच्या टोकाशी दाबाने उघडणारी छोटी झडप आहे. तिच्यावर राप चढून ती चिकटली की तो सिलिंडर उपाशी राहतो. गाडी रात्रभर उभी राहून थंड सुरू केली की त्रास, आणि गरम झाल्यावर सगळे सुरळीत, असा हिचा स्वभाव. शिवाय हे इंजिन पेट्रोलच्या दाबाबाबत कमालीचे हळवे आहे. चावी फिरवून इंजिन सुरू न करता दाब मोजला तर तो चौरस इंचाला ६० ते ६६ पौंड भरावा लागतो. इतर गाड्यांत जी घट खपून जाते ती येथे खपत नाही. पंप थकत चालला असेल तर तक्रार चढावर, भार असताना दिसते.

तिसरा वायरींचा. ठिणग्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. पाच आणि सात हे सिलिंडर एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसतात आणि क्रमातही लागोपाठ येतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, आणि त्यात त्या जुन्या असल्या, की पाचाची वीज साताला चाळवते. वायरी मूळ फण्यांत नीट अलग न बसवता कोंबल्या की नव्याकोऱ्या वायरींवरही हे घडू शकते. चौथा उगम मॅनिफोल्डच्या गास्केटमधून शिरणाऱ्या फुकट हवेचा. ही मिसिंग गाडी उभी असताना जाणवते आणि इंजिनाचा वेग वाढवला की विरते, कारण वाढलेल्या हवेत ती चोरटी हवा नगण्य ठरते.

तेव्हा मालकाला पहिला प्रश्न 'कोड कोणता आला?' हा नसून 'केव्हा?' हा असायला हवा. सकाळी की दुपारी, पावसात की कोरड्यात, चढावर की सिग्नलला, टाकी भरलेली असताना की रिकामी? ज्या मिस्त्र्याला हे विचारायला दहा मिनिटे नाहीत, त्याच्याकडे गाडी देण्यापूर्वी मालकाने पुन्हा विचार करावा. आणि उत्तर 'दमट सकाळी' असे आले, तर दुपारच्या उन्हात गाडी पाहण्यात अर्थ नाही. अंधाऱ्या जागी इंजिन सुरू ठेवून कॅपवर आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारावा; निळसर ठिणग्या भलत्याच जागी धावताना डोळ्यांनी दिसतात. ऋतू येत नसेल तर तो आणावा लागतो.

यंत्राची साक्षही पारखून घ्यावी लागते. धुरातल्या ऑक्सिजन सेन्सरचे उदाहरण तर कोणत्याही साक्षीपुराव्याच्या पुस्तकात शोभावे. ठिणगी न पडल्यामुळे सिलिंडरातली हवा न जळता तशीच बाहेर पडते. तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो संगणकाला कळवतो, 'ऑक्सिजन फार आहे.' संगणक त्याचा अर्थ 'पेट्रोल कमी आहे' असा लावतो आणि पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर हे आकडे पाहणारा नवशिका पेट्रोलच्या पंपामागे लागतो. साक्षीदार खोटे बोललेला नाही. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले. चूक अर्थ लावणाऱ्याची. समीक्षेत रमणाऱ्या वाचकांस ही जातीची चूक परकी वाटू नये.

तोफेचा आणखी एक दोष क्वचितच बोलला जातो: ती नवे रोग निर्माण करते. वर सांगितलेल्या इंजिनात ठिणगीची वेळ संगणक ठरवतो, पण डिस्ट्रिब्यूटर नेमक्या कोनात बसलेला नसेल तर रोटर चुकीच्या टोकाशी उभा राहतो. तो कोन स्कॅनर जोडून शून्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे आणावा लागतो. एखाद्याने शंका म्हणून संपूर्ण डिस्ट्रिब्यूटर बदलला आणि हे जुळवण्याचे काम केले नाही, तर मूळ मिसिंगच्या जोडीला दुसरी येऊन बसते. आता दोन दोष, एक लक्षण.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका बागकाम करणाऱ्या गृहस्थांची जुनी पिकअप (तिचा कारखाना निराळा) एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडे आली. ट्रेलरवर गवत कापायची यंत्रे लादून चढ चढताना ती अडखळे, रिकामी असताना कधीच नाही. तोपर्यंत प्लग, वायरी, कॉइल, पेट्रोलचा फिल्टर असे सगळे बदलून झाले होते. चढावर अडखळते म्हणजे पेट्रोल कमी पडत असावे, हा तर्क कुणालाही सुचेल. म्हाताऱ्याने दाब मोजला, तो भारातही चोख होता. मग त्याने एक निराळी गोष्ट लक्षात घेतली. भार पडला की इंजिन नुसते जास्त पेट्रोल मागत नाही. रबरी माउंटिंगवर ते एका बाजूला कलतेसुद्धा. कलले की त्याला जोडलेल्या वायरी ताणल्या जातात. त्याने गाडी जागेवर सुरू ठेवून इंजेक्टरांच्या वायरींची जुडी हाताने इकडून तिकडे हलकेच ओढायला सुरुवात केली, आणि एका ठिकाणी इंजिनाने तो ओळखीचा आचका दिला. वायरीचे वरचे आवरण शाबूत होते, आतली तांब्याची तार तुटलेली. सैल असताना टोके भिडत, ताणली की सुटत.

इथपर्यंतची कथा चांगल्या मिस्त्र्यांच्या कितीतरी कथांसारखीच आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्याने तार जोडली, गाडी भार लादून त्याच चढावर नेली, अडखळली नाही. मग परत येऊन त्याने तो जोड सोडला, पुन्हा चढावर गेला, आणि गाडी पुन्हा अडखळली. त्यानंतरच त्याने पक्का जोड दिला व पैसे घेतले. मालक हैराण झाले होते: बरी झालेली गाडी पुन्हा आजारी का पाडायची? परंतु अधूनमधून येणाऱ्या दोषाचे नसणे हा कसलाच पुरावा नसतो, कारण नसणे हा त्याचा नित्याचाच धंदा आहे. तो आठवडाभर आपणहूनही गप्प राहिला असता. त्याचे हुकमी येणे हाच पुरावा.

रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलीवरचे १९७४ सालचे प्रसिद्ध पुस्तक लोक तत्त्वज्ञानासाठी वाचतात. आमच्या लक्षात मात्र त्यातली ती २५ सेंटची पिन राहिली आहे, जी तुटल्यामुळे इंजिन वारंवार बिघडत होते आणि जी गॅरेजातल्या मंडळींनी इंजिन पुन्हापुन्हा उघडूनही पाहिली नव्हती.

आमच्या आग्रहावर आक्षेप येईल तो पैशाचा, आणि तो पोकळ नाही. येथे मिस्त्र्याचा तास शंभर डॉलरांहून महाग पडतो. दोन तास शोधण्यापेक्षा साठ डॉलरांची कॅप टाकून पाहिलेली काय वाईट? दीड लाख मैल चाललेली कॅप, रोटर आणि प्लग खुशाल बदलावेत. ते बदलायला झालेलेच होते. फक्त त्याला देखभाल म्हणावे, निदान म्हणू नये, आणि बिलावरही तसेच लिहावे. खरी गोम दुसरीकडे आहे. गिऱ्हाईक हातात धरता येणाऱ्या वस्तूचे पैसे निमूट देते. विचार करण्याचे पैसे मागितले की त्याच्या कपाळाला आठी पडते. 'दोन तास पाहिले, काही आढळले नाही, पाऊस पडेल तेव्हा आणा' असे सांगणारा मिस्त्री त्याला लबाड वाटतो आणि चारशे डॉलरांचे भाग बदलून 'आता बघा चालवून' म्हणणारा कर्तबगार वाटतो. जोवर गिऱ्हाइकाची ही समजूत आहे तोवर मिस्त्र्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. जे विकले जाते तेच ते विकणार. पण यात त्या बागकाम्याचा बळी जातो हेही विसरता येत नाही, कारण चुकीच्या अंदाजांची बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे केव्हा गेली हे त्याला शेवटच्या बिलावरच कळते.

पुढच्या पिढीतल्या पेट्रोल पिकअप गाड्यांनी हे काम एका बाबतीत सोपे केले. डिस्ट्रिब्यूटर गेला आणि प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसली. त्यामुळे उपशय अगदी स्वस्त झाला. तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला असेल तर तिसऱ्याची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची तिसऱ्यावर घालावी. दोष पाचव्यावर गेला, पी-०३०५ आला, तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे. पुष्कळ इंजिनांवर या अदलाबदलीला एक पाना आणि पंधरा मिनिटे पुरतात, विकत काहीच आणावे लागत नाही. तरीही आठ कॉइलींचा संच एकाच खोक्यात विकला जातो आणि आठही बदलून दिल्या जातात. ज्याला तसे करण्यावाचून गत्यंतर नसेल त्याने निदान काढलेल्या आठ कॉइली मागून घ्याव्यात, त्यांवर सिलिंडरांचे आकडे लिहून त्या सीटखाली ठेवाव्यात. त्यांतल्या सात बहुधा चांगल्या असतात, आणि पुढच्या खेपेस मिसिंग आली तर उपशयासाठी त्याच उपयोगी पडतात.